कोनाड्यातली पेशी

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी नववी-दहावीच्या मुलांशी गप्पा मारण्याचा योग आला. विषय होता पेशी आणि ऊती. स्नायूंबद्दल बोलताना आम्ही नेहमीचे वाक्य सांगून टाकले: पूर्ण वाढलेल्या स्नायुतंतूचे विभाजन होत नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कबड्डीत चढाई करताना त्याच्या मांडीमागचा स्नायू फाटला होता. तीन आठवडे तो लंगडत होता, आणि दोन महिन्यांनी पुन्हा मैदानात उतरला होता. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, स्नायूची पेशी विभागत नाही, तर माझी मांडी भरली कशी?"

त्या वेळी आम्ही "त्यासाठी काही राखीव पेशी असतात" एवढे सांगून वेळ मारून नेली. उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. उरलेले अर्धे अधिक गमतीचे आहे, आणि त्यातला बराचसा भाग गेल्या पंधरा-वीस वर्षांतच उलगडला आहे. म्हणून हा लेख.

तंतू, त्याची खोळ आणि मधली जागा

आधी स्नायुतंतू कसा असतो ते पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक पेशी सूक्ष्म असतात आणि त्यांत एकच केंद्रक असते. हाडांना जोडलेल्या स्नायूंतील तंतू मात्र काही सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतो. जाडीला तो केसाएवढा किंवा त्याहून बारीक असतो, आणि त्यात शेकडो केंद्रके असतात. याचे कारण त्याच्या जन्मात आहे. गर्भावस्थेत अनेक छोट्या पेशी एकमेकींत मिसळून एक तंतू तयार होतो आणि प्रत्येकीचे केंद्रक त्यात तसेच राहते. ही केंद्रके पुन्हा विभागत नाहीत. पुस्तकातल्या वाक्याचा अर्थ एवढाच.

तंतूला स्वतःचे पातळ पेशीपटल असते. त्याच्या बाहेरून आणखी एक आवरण असते. उशीवर खोळ असते तसे. ही खोळ पेशींची बनलेली नसते. पेशींनी बाहेर सोडलेल्या लॅमिनिन, कोलॅजेन यांसारख्या प्रथिनांचे ते विणकाम असते. तिची जाडी मिलीमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली खोळ आणि पेशीपटल वेगळे ओळखणे अशक्यच.

१९६१ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील अलेक्झांडर मॉरो बेडकाच्या पायाच्या स्नायूचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूच्या कडेला दिसणाऱ्या केंद्रकांपैकी काही केंद्रके तंतूची नव्हतीच, असे त्यांच्या ध्यानात आले. ती होती वेगळ्या, चपट्या, छोट्या पेशींची. या पेशी तंतूच्या पेशीपटलाबाहेर, पण खोळीच्या आत चिकटून बसलेल्या होत्या. मॉरो यांनी त्यांना 'सॅटेलाइट सेल' म्हणजे उपग्रह पेशी असे नाव दिले आणि काही पानांचा एक छोटा लेख लिहिला. स्नायूच्या दुरुस्तीशी या पेशींचा संबंध असावा, अशी शंकाही त्यांनी त्यातच बोलून दाखवली होती.

नाव 'उपग्रह' असले तरी ही पेशी तंतूभोवती फिरत नाही. ती एका जागी बसून असते. तिच्या या जागेला शास्त्रज्ञांच्या भाषेत 'निश' म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी शोभणारा शब्द तयारच आहे: कोनाडा. जुन्या घरात भिंतीत दिव्यासाठी जागा सोडलेली असते, तसा हा तंतू आणि खोळ यांच्या मधला कोनाडा.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग करता येईल. कच्च्या मांसाचा छोटासा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवावा, दोन सुयांनी त्याचे तंतू विंचरून सुटे करावेत आणि मेथिलीन ब्लूचा थेंब टाकून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. आडवे पट्टे दिसतील आणि तंतूच्या कडेने निळी केंद्रके दिसतील. प्रौढ प्राण्यात अशा शंभर केंद्रकांपैकी साधारण दोन ते सात उपग्रह पेशींची असतात. ती कोणती, हे मात्र असे पाहून सांगता येत नाही. मॉरो यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रज्ञांनी स्नायू पाहिले तरी या पेशी सापडल्या नाहीत, त्याचे कारण मुलांना येथेच कळते. (मांस आणणे शक्य नसेल तेथे तयार काचपट्टीवर भागवावे. हट्ट धरू नये.)

जाग आल्यावर

एरवी ही पेशी झोपलेली असते. ती विभागत नाही, आणि तिचा चयापचयही मंद असतो. स्नायू फाटला, चिरडला किंवा फार ताणला गेला की खोळीच्या जाळ्यात अडकून पडलेली काही वाढ-प्रथिने मोकळी होतात. हेही लक्षात घ्यावे की जागे करणारी घंटा आधीपासून कोनाड्याच्या भिंतीतच बसवलेली असते. पेशी जागी होते, विभागू लागते. तिच्या बहुतेक संतती एकमेकींत मिसळून नवे तंतू बनवतात किंवा जखमी तंतूला जोडल्या जातात. काही थोड्या मात्र मिसळत नाहीत. त्या परत कोनाड्यात जाऊन झोपतात, पुढच्या दुखापतीसाठी. स्वतःसारखी पेशीही निर्माण करायची आणि कामाची पेशीही, हे ज्या पेशीला जमते तिला मूलपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. उपग्रह पेशी ही स्नायूची मूलपेशी.

स्नायूची दुरुस्ती हीच पेशी करते याचा पक्का पुरावा मिळायला मात्र २०११ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एकाहून अधिक प्रयोगशाळांनी जनुकीय युक्तीने प्रौढ उंदरांतील फक्त उपग्रह पेशी नष्ट केल्या. मग स्नायूला इजा केली. स्नायू भरून आला नाही. तेथे वण आणि चरबी उरली.

या पेशीची ताकद किती? २००५ साली लंडनमधील एका गटाने उंदराचा एकच स्नायुतंतू, त्याच्या खोळीसकट आणि खोळीतल्या सुमारे सात उपग्रह पेशींसकट, दुसऱ्या उंदराच्या इजा झालेल्या स्नायूत ठेवला. त्या मोजक्या पेशींपासून शंभराहून अधिक नवे तंतू तयार झाले. त्यांत हजारो केंद्रके होती.

अकरा कोटी पेशींचे काय झाले?

हे वाचून कोणालाही वाटेल की मग स्नायूंच्या आजारांवर उपाय सोपाच आहे. निरोगी माणसाच्या या पेशी काढाव्यात, बाटलीत वाढवून कोट्यवधी कराव्यात आणि रोग्याच्या स्नायूत टोचाव्यात. हा विचार नवा नाही. १९९०च्या दशकात तो प्रत्यक्ष करून पाहिला गेला.

ड्युशेन या आजारात मुलग्यांच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन तयार होत नाही. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार असतो. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकू लागतो, पुढे जिना चढता येईनासा होतो आणि बारा वर्षांच्या आसपास चाकाची खुर्ची लागते. आपल्यापैकी काही शिक्षकांच्या वर्गात असा विद्यार्थी बसलेला असेल. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा बारा मुलांच्या एका दंडात, वडिलांच्या किंवा भावाच्या स्नायूपासून वाढवलेल्या पेशी टोचल्या. प्रत्येक वेळी अकरा कोटी पेशी, महिन्यातून एकदा, सहा महिने. दुसऱ्या दंडात पेशींविना नुसते इंजेक्शन. शेवटी ताकद मोजली, तेव्हा दोन्ही दंडांत सांगण्याजोगा फरक नव्हता.

सात पेशींनी जे केले ते अकरा कोटींना का जमले नाही? उंदीर आणि माणूस यांत फरक आहेच, आणि परक्या पेशींना शरीर स्वीकारत नाही हेही एक कारण. टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि उरलेल्या सुईच्या वाटेपासून फारशा दूर पसरत नाहीत, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले होते. पण आणखी एक फरक होता, आणि तो बराच काळ कोणी फार मनावर घेतला नाही. लंडनच्या सात पेशी कोनाड्यासकट गेल्या होत्या. अकरा कोटींना कोनाडाच नव्हता. त्या प्लास्टिकच्या बशीत वाढल्या होत्या.

बशी कशाची आहे याने काय फरक पडतो? २०१० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील हेलन ब्लाऊ यांच्या गटाने हेच तपासले. प्रयोगशाळेतील प्लास्टिक स्नायूपेक्षा लाखभर पटींनी टणक असते. त्यांनी स्नायूइतकाच मऊ जेलीसारखा पदार्थ तयार केला, त्यावर लॅमिनिनचा थर दिला आणि उंदराच्या स्नायूच्या मूलपेशी त्यावर आठवडाभर वाढवल्या. मग त्या दुसऱ्या उंदरात सोडल्या. मऊ जेलीवर वाढलेल्या पेशींनी तेथे बस्तान बसवले. प्लास्टिकवर वाढलेल्यांना ते जवळपास जमलेच नाही. पेशी त्याच, खाद्य तेच, फक्त गादी वेगळी.

आमच्या मते याचा थोडा दोष आपल्या फळ्यावरच्या आकृतीकडेही जातो. आपण एक वर्तुळ काढतो, आत केंद्रक, तंतुकणिका वगैरे दाखवतो, आणि वर्तुळाबाहेर कोरा फळा ठेवतो. जणू पेशी पोकळीत तरंगत असावी. बाहेर काय आहे, ते किती मऊ आहे, पेशीने ते कोठे पकडून ठेवले आहे, याचा त्या आकृतीत मागमूस नसतो.

राहणारीच गवंडी

येथपर्यंतची गोष्ट "परिस्थिती पेशीला घडवते" अशी झाली. आता तिची दुसरी बाजू. कोनाडा बांधतो कोण? बराच काळ समजूत अशी होती की खोळ तंतूने आणि आसपासच्या इतर पेशींनी विणलेली, आणि उपग्रह पेशी तिथली भाडेकरू. भाडेकरू भिंतीला हात लावत नाही. प्रत्यक्षात ही भाडेकरू करणी-थापी घेऊनच बसलेली असते.

झोपलेल्या पेशीपासून सुरुवात करू. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शाहरागिम ताजबख्श यांच्या गटाने २०१८ साली दाखवले की झोपेत असतानाही ही पेशी 'कोलॅजेन ५' हे प्रथिन तयार करून बाहेर सोडते. हे कोलॅजेन त्याच पेशीच्या पृष्ठभागावरील एका ग्राहीला जाऊन चिकटते आणि "झोपून राहा" हा निरोप आत पोचतो. पेशीची कोलॅजेन ५ बनवण्याची क्षमता काढून घेतली, तर कसलीही दुखापत नसताना ती जागी होते आणि राखीव पेशींचा साठा हळूहळू आटतो. स्वतःच घातलेल्या अंथरुणावर झोपायचे, आणि अंथरूण आहे म्हणूनच झोप लागायची, असा हा प्रकार.

जाग आल्यावर पेशी अंथरूण बदलते. शांत स्नायूच्या खोळीत लॅमिनिनचा एक प्रकार असतो. दुखापतीनंतर जागी झालेली पेशी लॅमिनिनचा वेगळाच प्रकार तयार करून आपल्या कोनाड्यात ओतते. हा प्रकार एरवी गर्भाच्या ऊतींत आढळतो. तो तयार करू न शकणाऱ्या उंदरांत पेशी कमी विभागतात आणि परत झोपायला जाणाऱ्या राखीव पेशीही कमी होतात, असे इंग्लंडमधील शेफील्डच्या एका गटाने २०१८ सालीच दाखवले. जुनी वीण सैल करण्यासाठी प्रथिने कापणारी विकरेही लागतात. कापायचे आणि नवे घालायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात.

तिसरे उदाहरण फायब्रोनेक्टिनचे. हे चिकट प्रथिन निरोगी, शांत स्नायूच्या कोनाड्यात अगदी थोडे असते. इजा झाल्यावर ते झपाट्याने वाढते, आणि काम झाले की ओसरते. त्यातले काही रक्तातून येते, काही इतर पेशींकडून. पण कॅनडातील मायकेल रुडनिकी यांच्या गटाला २०१३ साली आढळले की जाग्या झालेल्या उपग्रह पेशी ते स्वतःही सोडतात, आणि त्यामुळे आणखी मूलपेशी तयार करण्याचा संकेत त्यांच्या स्वतःच्याच आत बळकट होतो.

ड्युशेनच्या मुलांविषयीही येथे एक महत्त्वाची गोष्ट कळली. डिस्ट्रॉफिन नसल्याने तंतू नाजूक होतो, एवढेच पूर्वी माहीत होते. २०१५ साली याच कॅनडातील गटाने दाखवले की जागी होणारी उपग्रह पेशीही डिस्ट्रॉफिन वापरते. खोळीकडची बाजू कोणती आणि तंतूकडची कोणती, याचे भान तिला त्यामुळे राहते. ते नसेल तर पेशी कोनाड्यात बसलेली असूनही दिशा चुकते आणि तिचे विभाजन बिघडते. त्यात वारंवारच्या इजेने या मुलांच्या स्नायूत तंतुमय वण आणि चरबी साठत जाते. म्हणजे पेशीचे भानही बिघडलेले आणि घरही. नुसत्या पेशी टोचून हे का भागत नाही, ते यावरून लक्षात यावे.

हे आम्ही जरा लांबण लावून सांगितले, त्याला कारण आहे. "स्टेम सेलने सर्व स्नायुरोग बरे" अशा जाहिराती आजही दिसतात, आणि आजारी मुलाचे आईवडील जमीन गहाण टाकूनही पैसे उभे करतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या व काही ठरावीक आजारांसाठीचे रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचे इतर उपयोग मान्य उपचार नव्हेत. ते रीतसर चाचणीतच करता येतात. पालक शिक्षकांना विचारायला येतात, म्हणून ही माहिती जवळ असावी.

रिकामी खोळ

आता परत त्या मुलाच्या मांडीकडे. तंतू मेला की पांढऱ्या पेशी येऊन आतला गाळ साफ करतात. पण खोळ बहुधा जागेवर राहते. उशीतला कापूस काढून घेतला तरी अभ्रा राहावा तशी. या रिकाम्या खोळींना शास्त्रज्ञ 'भुताचे तंतू' म्हणतात. २०१६ साली अमेरिकेतील चेन-मिंग फॅन यांच्या गटाने जिवंत उंदराच्या स्नायूत सूक्ष्मदर्शकातून थेट डोकावून पाहिले. जाग्या झालेल्या पेशी या खोळींच्या लांबीच्या दिशेनेच पुढे-मागे सरकत होत्या आणि त्याच दिशेने विभागत होत्या. खोळींची दिशा मुद्दाम बिघडवली, तेव्हा नवे तंतूही वेडेवाकडे उगवले. नव्या स्नायूचा नकाशा मेलेल्या तंतूने मागे ठेवलेला असतो.

याचा एक पुरावा सापांनी दिला आहे. प्रयोगशाळांत उंदराच्या स्नायूला ठरवून इजा करायची असते, तेव्हा नागाच्या विषातील एक घटक वेगळा काढून वापरतात. तो तंतूचे पेशीपटल फोडतो, पण खोळ आणि उपग्रह पेशी बहुतांशी शाबूत राहतात. तीन-चार आठवड्यांत स्नायू पूर्ववत होतो. मंडली गटातील सापांच्या विषात मात्र खोळीचे आणि बारीक रक्तवाहिन्यांचे प्रथिनच कापणारी विकरे असतात. कोस्टारिकातील होसे मारिया गुतिएरेझ यांनी तेथील अशा एका सापाच्या विषावर अनेक वर्षे काम केले. त्या विषाने झालेल्या जखमेत स्नायू नीट भरत नाही, वण राहतो. आपल्या कोकणातले फुरसे याच गटातले, आणि त्याच्या विषातही ही विकरे भरपूर असतात. (यावरून नागदंश सौम्य, असा अर्थ मुलांनी काढू नये. वर सांगितला तो विषातला एक वेगळा काढलेला घटक. नागाचे पूर्ण विष श्वास थांबवते आणि दंशाभोवतीचे मांसही कुजवते. दोन्हींत तातडीने रुग्णालय हाच उपाय.)

अपघातात स्नायूचा मोठा लचका निघून जातो तेव्हा तो परत भरत नाही, त्याचेही कारण हेच. पेशी गेल्या आणि खोळही गेली.

म्हातारा कोनाडा

वय झाल्यावर दुखापत लवकर भरत नाही, हे आजी-आजोबांकडे पाहून मुलांना ठाऊक असते. दोष पेशीचा की परिसराचा? १९८९ साली मिशिगन विद्यापीठातील ब्रूस कार्लसन आणि जॉन फॉकनर यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांच्या पायातला एक स्नायू काढून अदलाबदल केली. म्हाताऱ्याचा स्नायू तरुणाच्या पायात चांगला रुजला. तरुणाचा स्नायू म्हाताऱ्याच्या पायात नीट रुजला नाही. २००५ साली स्टॅनफर्डमध्ये तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांचे रक्ताभिसरण जोडले, तेव्हा म्हाताऱ्याच्या स्नायूची दुरुस्ती सुधारली. २०१६ साली आढळले की म्हाताऱ्या उंदरांच्या कोनाड्यात इजेनंतर फायब्रोनेक्टिन पुरेसे वाढतच नाही. ते बाहेरून दिल्यावर पेशी पुन्हा कामाला लागल्या.

एवढ्यावरून सगळे खापर परिसरावर फोडणे मात्र घाईचे ठरेल. स्पेनमधील एका गटाने २०१४ साली दाखवले की अतिवृद्ध उंदरांच्या पेशी तरुण उंदरात नेऊन ठेवल्या तरी सुधारत नाहीत. त्यांची झोपच कायमची होऊन बसलेली असते. पेशी कोनाडा घडवते आणि कोनाडा पेशीला, म्हणून एकदा घसरण लागली की दोन्ही मिळून घसरतात. सुरुवात कोठून झाली ते वेगळे काढणे अवघड जाते.

पुढच्या खेपेस त्या शाळेत गेलो, तेव्हा यातले निम्मे तरी फळ्यावर काढून दाखवले. या वेळी वर्तुळाबाहेर खोळही काढली. डॉक्टरांनी आधी थोडे दिवस पूर्ण विश्रांती आणि मग हळूहळू चालायला का सांगितले, हे आता मुलांनीच सांगितले. कच्ची वीण लगेच ताणली तर फाटते, आणि नंतर योग्य ओढ मिळाली की नवे तंतू ओळीत लागतात. कबड्डीवाला मुलगा पुन्हा उभा राहिलाच. "सर, हृदयही स्नायूचेच ना? मग हार्ट अटॅकनंतर ते का भरत नाही?"

हृदयाच्या स्नायुपेशी वेगळ्या, आखूड आणि फांद्या असलेल्या असतात. त्यांनाही बाहेरून खोळ असते. पण त्या खोळीच्या आत उपग्रह पेशी नसते.